गल्ल्यावर बसताना

बाळा, तू राळेगणसिद्धीला येऊन माझ्या दुकानात बसणार म्हणून तुझ्या आईनं कळवलं. "पण त्याला राग लवकर येतो" हेही हळूच कळवलं. मला काय ते नवीन आहे? पत्त्यांत हरलास की अख्खा डाव उधळून द्यायचास. तरी मी तुला हो म्हटलंय, कारण मोजायला तू पक्का आहेस आणि म्हाताऱ्या माणसाशी नीट बोलतोस. बाकीचं शिकता येतं.

दुकानात आवाज चढवणारं माणूस रोज येत नाही, पण येतं. कधी वजनावरून, कधी उधारीवरून, कधी गावात जे विकतच नाहीत त्यावरून. इतक्या वर्षांत मला एक कळलंय, की चिडलेल्या माणसाला बहुतेक वेळा एकच भीती असते: आपल्याला फसवलं किंवा चार लोकांत कमी लेखलं. ती भीती निघाली की राग उरत नाही. खाली लिहिलंय ते सगळं त्यासाठीच आहे. एका बैठकीत पाठ करायला जाऊ नकोस, लागेल तसं बघ.

आधीची काळजी

१. काट्याचे आकडे गिऱ्हाइकाच्या बाजूला असू देत, तुला थोडं वाकून बघावं लागलं तरी चालेल — आकडा दिसला नाही की संशय येतो, आणि संशयाला आवाज लवकर फुटतो.

२. भांडं ठेवलंस की काटा शून्यावर आलेला दिसू दे, मगच साखर घाल. शेवटी चिमूटभर जास्तच पडू दे — मापाला सढळ, त्याचं भांडण विरळ.

३. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी वैधमापनवाल्यांकडून करून घ्यावी लागते. ते प्रमाणपत्र काट्याच्या वर भिंतीला लावलंय, ते पोत्यांच्या थप्पीमागे जाऊ देऊ नकोस — कुणी "काटा मारता" म्हणालं तर तोंड चालवावं लागत नाही, बोट वर केलं की झालं.

४. नोट हातात आली की किती आली ते मोठ्यानं म्हण: "पाचशे घेतले बरं का, काका." मग ती गल्ल्यात टाकू नकोस. शेंगदाण्याच्या बरणीखाली अर्धी बाहेर दिसेल अशी दाबून ठेव, सुट्टे मोजून त्याच्या हातावर ठेव, त्यानं मोजले की मग नोट आत टाक — "मी पाचशेची दिली" आणि "नाही, दोनशेची दिली" हे भांडण एकदा लागलं की देवालाही मिटवता येत नाही, कारण नोट गल्ल्यात गेली की सगळ्या नोटा सारख्याच.

५. मोजताना बोलू नये, बोलताना मोजू नये. दहाच्या नोटा चिकटतात — बोटाला पाणी लाव, थुंकी नको, लोक बघत असतात.

६. दहाचं नाणं कुणी दिलं तर मुकाट्यानं घे, आणि आपण दिलेलं कुणी "चालत नाही" म्हणून परत टाकलं तर हसून नोट दे. दहाच्या नाण्याची चौदाही रूपं चालतात असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ सालीच सांगितलंय — पण दहा रुपयांसाठी कुणाला शहाणं करायला जाऊ नकोस, बाजाराच्या दिवशी तर मुळीच नको.

७. पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपया जास्त घ्यायचा नाही. थंड बाटलीचे वरचे दोन रुपयेही नाहीत — ते कायद्यात बसत नाही, आणि त्या दोन रुपयांसाठी जो भांडतो तो खरा असतो.

८. सकाळी बोहनीच्या आधी पाव, बिस्किटं आणि लहान मुलांच्या खाऊच्या तारखा बघ, संपलेलं बाजूला काढ — शिळा माल घरी जाऊन परत येतो तेव्हा सोबत अख्खं घर घेऊन येतो.

९. लहान पोर सामानाला आलं तर काय दिलं नि किती परत दिले ते चिठ्ठीवर लिहून पुड्यात घाल — वाटेत त्यानं गोळ्या घेतल्या तर आई पोराला सोडते आणि आपल्याला धरते.

१०. स्कॅनरवर पैसे आले की नाही ते त्याच्या मोबाइलमध्ये बघून ठरवू नकोस, आपल्या स्पीकरनं सांगितलं की ठरव. रेंज गेली असेल तर तसं आधीच सांग — खोटा फोटो दाखवणारे थोडे आहेत, पण खऱ्या माणसावर संशय घेतलास तर तो आयुष्यभर विसरत नाही. "माझा स्पीकर बोलला नाही अजून, दोन मिनिटं बसा" एवढंच म्हण; त्यात तो खोटा ठरत नाही.

११. प्लास्टिकच्या पिशव्या राज्यात २०१८ पासून बंद आहेत, तरी मागणारे मागतात. माल मोजायच्या आधी विचार, "पिशवी आणलीय ना?" — पाच किलो सामान काट्यावरून उतरल्यावर पिशवी नाही म्हटलं की कुणीही चिडेल.

आवाज चढल्यावर

आपल्या गावानं पाणी कसं अडवलं ते तू शाळेच्या सहलीत बघितलंयस. डोंगरावरून आलेलं पाणी एका भिंतीनं थोपवायला कुणी गेलं नाही. ठिकठिकाणी बांध घालून त्याचा वेग कमी केला, मग ते आपोआप जमिनीत मुरलं. रागाचंही तसंच कर. एकदम थांबवायला जाऊ नकोस.

१२. तो बोलतोय तोवर बोलू दे. पहिलं वाक्य रागाचं असतं, दुसरं मागच्या कशाचं तरी असतं, तिसऱ्यात खरी तक्रार येते — तू पहिल्यालाच उत्तर दिलंस तर तिसरं कधी ऐकायलाच मिळत नाही.

१३. "शांत व्हा" म्हणू नकोस. "बसा, पाणी घ्या" म्हण — शांत व्हा म्हटलं की माणसाला वाटतं आपण वेडे ठरलो. पाणी दिलं की वाटतं आपण पाहुणे आहोत.

१४. मोबाइल खाली ठेव आणि स्टुलावरून उठ. मात्र गल्ल्याच्या मागेच उभा राहा, बाहेर येऊ नकोस — बसून उत्तर देणाऱ्याचा माज वाटतो, आणि बाहेर येणाऱ्याचा हात उगारल्यासारखा वाटतो.

१५. त्याचा आवाज जितका वर, तितका तुझा खाली. आवाज चढला की पत उतरते — मग वजन खरं असलं तरी कुणी मानत नाही.

१६. नात्यानं हाक मार: तात्या, आक्का, वहिनी, भाऊ. बाहेरचा असेल तर दादा किंवा ताई — नात्यानं हाक मारलेल्याशी भांडायला माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

१७. दुकानात उभ्या असलेल्यांना पंच करू नकोस. "तुम्हीच सांगा, मी काय चुकीचं बोललो?" हे वाक्य जिभेवर येईल, गिळून टाक — चार जणांसमोर हरायची तयारी कुणाचीच नसते. जमलं तर त्याला पोत्यांच्या बाजूला घे आणि बाकीच्यांचा माल आतोबांना मोजू दे.

१८. "माझ्या हातात काही नाही" असं म्हणू नकोस, "माझ्याकडून एवढं होईल" असं म्हण — नाही म्हटल्यावर उरतं ते भांडण, एवढं म्हटल्यावर उरतो तो हिशेब.

१९. चूक आपली निघाली तर लगेच कबूल कर, पैसे किंवा माल परत दे, वर कारणं सांगत बसू नकोस. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खराब माल परत घ्यायला नकार देणं आणि पावती न देणं या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारात मोडतात. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरतात — म्हणून "एकदा विकलेला माल परत घेणार नाही" ही पाटी मी आपल्या दुकानात कधी लावू दिली नाही.

२०. चूक त्याची निघाली तर जिंकल्यासारखं तोंड करू नकोस. "होतं असं घाईत" म्हण आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळ — वळलास की त्याला जायला वाट मिळते.

२१. कुणी "ग्राहक मंचात जाईन" म्हणालं तर घाबरू नकोस आणि चिडूही नकोस. १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर आपण होऊन दे — हे हक्क मागायला शिकवण्यासाठी पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. आपणही दुसऱ्या दुकानात गेलो की ग्राहकच असतो.

आपल्या गावात जे मिळत नाही

हे नीट वाच, कारण दुसऱ्या गावच्या दुकानात तुला हे कुणी सांगणार नाही.

अण्णा हजारे १९७५ साली लष्करातून गावी आले तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या होत्या. यादवबाबांच्या मंदिरात बसून तरुणांनी त्या बंद करायचं ठरवलं. पुढं विडी-तंबाखूची पाळी आली: दुकानांतला माल गोळा केला आणि होळीत टाकला. तेव्हापासून इथल्या दुकानांत विडी, सिगारेट, तंबाखू विकत नाहीत. दुकानदाराचा चालू धंदा होता तो, रोजचा गल्ला होता, हे विसरू नकोस. एकट्या दुकानदारानं नाही म्हटलं असतं तर गिऱ्हाईक शेजारी गेलं असतं आणि शिव्या मात्र ह्याच्या वाट्याला आल्या असत्या. सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं, म्हणून कुणा एकावर राग काढायची सोय राहिली नाही. नकार सगळ्यांना सारखा असला की त्यात अपमान होत नाही. मला दुकानदारीतलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि ते फक्त तंबाखूपुरतं नाही.

२२. बाहेरून गाव बघायला आलेला कुणी पुडी मागेल. "मी देत नाही" म्हणू नकोस, "गावात मिळत नाही" म्हण — "मी" आला की तो तुझ्याशी भांडतो, "गाव" आलं की तो गावाबद्दल विचारायला लागतो.

२३. तो म्हणेल, "आतून काढ ना, कुणाला कळतंय." तू म्हण, "लिमलेटची गोळी देऊ का? बडीशेप आहे." प्रवचन देऊ नकोस — तल्लफ आलेल्या माणसाला उपदेश झोंबतो. गुटखा तर २०१२ पासून साऱ्या राज्यातच बंद आहे, पण तेही त्यानं विचारलं तरच सांग.

२४. कधी ओळखीच्यासाठी, कधी पाहुण्यासाठी असा अपवाद करू नकोस — एकाला दिलं की दुसऱ्याला दिलेला नकार तुझा स्वतःचा होतो.

२५. बाहेरची माणसं दुकानात उभी राहून अण्णांवरून वादही घालतात. २०११ च्या रामलीला मैदानाचं काय झालं, लोकपालाचं काय झालं, अण्णा आता का बोलत नाहीत, सगळं तुलाच विचारतील, जणू काही तूच उपोषणाला बसला होतास. "मी दुकानातला पोरगा आहे, मंदिराकडे जा, तिथं बोलायला माणसं आहेत" असं सांग — गल्ल्यावर बसून राजकारण बोललास तर अर्धं गिऱ्हाईक आज जातं आणि उरलेलं निवडणुकीनंतर. २०१९ च्या जानेवारीअखेर अण्णा गावातच उपोषणाला बसले होते. असे दिवस पुन्हा आले आणि गर्दी लोटली तर पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं दाराशी आणून ठेव आणि भाव मोठ्या अक्षरात लिही. गर्दीत भाव विचारून विचारूनच लोक तापतात.

उधारी

२६. उधारीची वही त्याच्या समोर लिही आणि त्याला वाचायला दे. वाचता येत नसेल तर वाचून दाखव — महिनाभरानं आकडा ऐकून जो ओरडतो, त्याला बहुधा मधली लिहिलेली ओळच माहीत नसते.

२७. दुसरं कुणी दुकानात असताना कुणाच्या बाकीचा विषय काढायचा नाही. बायकोसमोर नवऱ्याच्या आणि लेकासमोर बापाच्या तर नाहीच — उधारी फिटते, उतारा मिळत नाही तो चारचौघांत गेलेल्या अब्रूला.

२८. कांद्याचा भाव बघत जा. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली नि भाव पडला, तेव्हा आपल्या वहीतही ते दिसलं. ज्याच्या हाती कांद्याची पट्टी हलकी आली, तो तेलाच्या डब्याच्या किमतीवरून ओरडणारच — तो तेलाबद्दल बोलतच नसतो.

२९. नवी उधारी बंद करायची असेल तर महिन्याच्या एका तारखेला सगळ्यांची एकदम कर, एकट्यादुकट्याची नको. आणि गावातला जुना रिवाज ध्यानात ठेव: १९८० साली मंदिरात धान्य बँक सुरू झाली, तेव्हा जास्त पिकलं त्यानं धान्य जमा करायचं, अडलेल्यानं न्यायचं आणि पीक आल्यावर वाढीसह परत करायचं असं ठरलं. नियम आधीपासून सगळ्यांना माहीत — म्हणून नेणाऱ्याची मान खाली नव्हती आणि देणाऱ्याची वर नव्हती.

बी-खताच्या दिवसांत

जून लागला की समोरच्या कृषी सेवा केंद्रात माणूस कमी पडतो आणि ते तुला हात लावायला बोलावतील. जा. पण तिथला राग आपल्या किराण्यातल्या रागापेक्षा खोल असतो. इथं साखर कमी भरली तर चहा अगोड होतो. तिथं बी वाया गेलं तर माणसाचं वर्ष जातं.

३०. युरिया किती पोती शिल्लक आहे ते फळ्यावर लिहून टाक आणि संपला की लगेच पुस — तास दीड तास रांगेत उभं राहिल्यावर "संपला" ऐकणं आणि सकाळीच फळ्यावर वाचणं यात फार फरक आहे.

३१. खत देताना मशीनवर अंगठा उमटला नाही तर म्हाताऱ्याला घाई करू नकोस. बोट कोरडं पुसून पुन्हा लावायला सांग, दुसरं बोट लावून बघ — खुरप्यानं नि खोऱ्यानं रेषा झिजलेल्या असतात, त्यात त्याचा काय गुन्हा? रांगेतल्या मागच्यांनाही हे मोठ्यानं सांग, म्हणजे ते त्याच्यावर खेकसत नाहीत.

३२. युरियासोबत दुसरं काही घ्यायची सक्ती करायला तुला कुणी सांगितलं तर ते काम करू नकोस, घरी निघून ये — त्या गिऱ्हाइकाचा राग रास्त असतो आणि तो अंगावर घ्यायला तुला मी पाठवलेलं नाही.

३३. बियाणं देताना पावतीवर वाण आणि लॉट नंबर लिही, आणि दोन गोष्टी तोंडानं सांग: पिशवी टाकू नका, मूठभर बी राखून ठेवा. कांद्याचं बी असेल तर दोनदा सांग — रोप विरळ झालं तर आठवडाभरात कळतं, पण डेंगळे फुटले किंवा जोडकांदे निघाले तर ते महिन्यांनी, सगळा खर्च होऊन गेल्यावर कळतं.

असा माणूस दुकानात येतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा उपटलेला डेंगळा असतो. तो काउंटरवर आपटेल, माती तुझ्या वहीवर पडेल. झटकू नकोस. तो डेंगळा हातात घे, नीट बघ, रान किती आहे, लागण कधी केली ते विचार. मग तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार कशी करायची ते सांग, आणि पावतीची दुसरी प्रत तूच काढून दे. दुकानाचा मालक कदाचित नाराज होईल. होऊ दे. बी त्या दुकानानं बनवलेलं नसतं, पण शेतकऱ्यानं विश्वास कंपनीच्या पिशवीवर ठेवलेला नसतो, देणाऱ्या माणसावर ठेवलेला असतो.

हात उगारला तर

३४. पिऊन आलेल्याशी हिशेब करायचा नाही. मागेल ते जमत असेल तर दे, नाहीतर "सकाळी या, काढून ठेवतो" म्हण — त्याला सकाळी आठवत नाही, आणि आठवलं तर तो शुद्धीवर असतो.

३५. कुणालाही हात लावायचा नाही. गावात एके काळी दारुड्यांना खांबाला बांधून मारत, ते तू ऐकलं असशील. अण्णांनीही ते लपवलेलं नाही. गावाची त्या वेळची नड मला कळते, तरी मारून सुधारणं मला कधी पटलं नाही — आणि दुकानात तर तू न्यायाला बसलेला नसतोस.

३६. धमकी दिली, सामान फेकलं, तर एक पाऊल मागे ये, आतल्या दाराकडे पाठ ठेव आणि ११२ लाव. मोबाइल चार्ज ठेव, गाणी ऐकून रिकामा करू नकोस — हे तुला उद्देशूनच आहे.

३७. गल्ल्यावर कुणी हात घातला तर घालू दे. भिडायचं नाही — त्यातले पैसे मी पुन्हा कमवीन, तुझ्या आईला दुसरा मुलगा कुठून आणून देऊ?

३८. तुझी बहीण बसली असताना कुणी अचकटविचकट बोललं, तर गिऱ्हाईक टिकवायचा विचार करायचा नाही. "माल मिळणार नाही, निघा" हे तिनंच म्हणायचं, तू फक्त शेजारी उभं राहायचं — तिच्या वतीनं तूच ओरडलास तर उद्या तू नसताना तो पुन्हा येतो.

३९. झालेलं भांडण त्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव: वेळ, कोण होतं, काय बोलणं झालं — पुढं पोलिसात जायची वेळ आली तर आठवणीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी

४०. कालचा किस्सा पारावर सांगत बसू नकोस. सांगितलास तर तो दुपारपर्यंत त्याच्या घरी पोचतो, तोही मीठमिरची लावून — आणि मग त्याला परत यायची इच्छा असली तरी येता येत नाही.

४१. तो आलाच तर "काय देऊ तात्या?" एवढंच विचार, कालच्यासारखाच माल मोजून दे. माफी मागायला लावू नकोस — कुणी ती मागायला येत नाही, चहापत्ती घ्यायला येतं.

४२. तुझंच डोकं गरम असेल तर गल्ल्यावर बसू नकोस. मला किंवा आतोबांना हाक मार आणि मागच्या खोलीत जाऊन डाळीची पोती उतरव — कामही होतं, आणि आजवर एकाही पोत्यानं उलट उत्तर दिलेलं नाही.

येताना पुण्या-नगरच्या एस.टी.नं आलास तर वाडेगव्हाणला उतर, आतोबा गाडी घेऊन फाट्यावर येतील. येताना छोट्या नोटा मिळाल्या तर घेऊन ये, दहाच्या आणि वीसच्या. इथं सुट्ट्यांची फार ओढाताण आहे.

तुझी आत्या